राजाचा मेहुणा आणि न्यायाधीशाची खुर्ची

शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’त राजा एकदाही रंगमंचावर येत नाही. दहा अंकांच्या या संस्कृत नाटकात उज्जयिनीतले जुगारी, चोर, भिक्षू, गाडीवान, पहारेकरी, चांडाळ असे सगळे येतात आणि आपापलं बोलून जातात. ज्याच्या नावाने नगरीचा कारभार चालतो तो पालक राजा मात्र पडद्याआडच राहतो. त्याचे नुसते हुकूम कानावर येतात. या गवळ्याच्या पोराला कोंडा, त्या ब्राह्मणाला सुळावर द्या. आपल्यासमोर रात्री-अपरात्री आणि भर दुपारी मोकाट फिरत असतो तो राजाचा मेहुणा.

या मेहुण्याचं नाव संस्थानक. पण ते नाव कुणाच्या लक्षात राहत नाही, कारण ‘स’च्या जागी ‘श’ म्हणायच्या सवयीमुळे तो रसिकांच्या जिभेवर ‘शकार’ म्हणूनच बसला आहे. गोविंद बल्लाळ देवलांनी हे नाटक संगीत रंगभूमीवर आणलं तेव्हापासून मराठी प्रेक्षक त्याला ओळखतो आणि त्याला हसतो. हसण्यासारखंच आहे ते. गणिका वसंतसेनेच्या मागे धावताना तो म्हणतो, रामाला घाबरून द्रौपदी पळाली तशी तू पळतेस. रावणाच्या तावडीत कुंती सापडली तशी तू माझ्या हाती सापडलीस. पुढे आठव्या अंकात म्हणतो, चाणक्याने सीतेला मारलं तसं मी तुला मारीन. पुराण कच्चं, उच्चार बोबडे, अंगावर अत्तर. कॉलेजात आमच्या मंडळींनी हा प्रवेश बसवला होता, तेव्हा शकाराचं काम करणाऱ्या मित्राला सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या होत्या. मीही पोट धरून हसलो होतो.

मग पुष्कळ वर्षांनी नववा अंक नीट वाचला आणि ते हसू जरा घशात अडकलं.

नाटकातला सत्तेचा प्रश्न आपण सहसा पालक आणि आर्यक यांच्या झगड्यात शोधतो. वाईट राजा, त्याने बंदीत टाकलेला गवळ्याचा मुलगा, बंड, नवा राजा. अभ्यासकही याच धाग्याकडे बोट दाखवतात आणि त्याला कारणही आहे. भासाच्या नावावर असलेल्या ‘चारुदत्त’ या चार अंकी नाटकात वसंतसेना आणि गरिबी आलेला ब्राह्मण चारुदत्त यांची प्रेमकथा आहे, पण आर्यकाचं बंड नाही. ते शूद्रकाने घातलं. म्हणजे त्याला राजकारणाविषयी काही सांगायचं होतं हे उघड आहे. माझं म्हणणं एवढंच की ते त्याने बंडात सांगितलेलं नाही. सत्ता वापरली जाते कशी आणि वाकते कुठे, हे त्याने न्यायसभेतल्या चार-पाच वाक्यांत दाखवलं आहे. ती वाक्यं ज्याने नीट ऐकली त्याला राज्य बदलल्याचा शेवट पुरा पडत नाही. मला तरी पडत नाही.

ती वाक्यं अशी. सकाळी न्यायसभा भरते आहे. शोधनक नावाचा शिपाई झाडलोट करून आसनं मांडतो. समोरून शकार येताना दिसतो, तेव्हा याच्या नजरेस न पडता निघून जावं म्हणून तो वाट बदलतो. (आपल्या कचेऱ्यांच्या व्हरांड्यात ही वाट बदलण्याची कला आजही बघायला मिळते.) न्यायाधीश, म्हणजे अधिकरणिक, येऊन बसतो. सोबत श्रेष्ठी आणि कायस्थ, एक व्यापाऱ्यांचा प्रतिनिधी आणि एक लेखनिक. शोधनक पुकारा करतो, कुणाची फिर्याद आहे? बाहेरून शकार म्हणतो, माझी. न्यायाधीश मनात चरकतो. सूर्य उगवतानाच ग्रहण लागलं की कुणा थोर माणसाचा घात होणार असं समजावं, असं तो म्हणतो. आणि निरोप पाठवतो की आज तुझं प्रकरण ऐकलं जाणार नाही.

इथवर सगळं ठीक आहे. फिर्यादी कोण आहे हे बघून न घाबरता न्यायाधीशाने नकार दिला आहे.

शकार चिडतो. ऐकत नाही म्हणजे काय? मी माझ्या आवुत्ताला सांगतो, राजा पालकाला. बहिणीला सांगतो, आईला सांगतो. या न्यायाधीशाला हटवून इथे दुसरा बसवतो. ‘आवुत्त’ म्हणजे बहिणीचा नवरा, आपल्याकडचा दाजी. धमकी किती घरगुती आहे बघा. सेनेची, तुरुंगाची, तलवारीची नाही. दाजींच्या कानावर घालतो, बस्स. शोधनक आत जाऊन हे सांगतो. न्यायाधीश म्हणतो, या मूर्खाच्या बाबतीत काहीही शक्य आहे. जा, त्याला सांग, ये, तुझं प्रकरण ऐकलं जाईल.

‘आज नाही’पासून ‘आज’पर्यंतचं अंतर दोन निरोपांचं. पुढे जे काही घडतं, चारुदत्तावरचा आळ, त्याच्या गळ्यातली करवीर फुलांची माळ, दक्षिण स्मशानाकडे निघालेली ती धिंड, त्या सगळ्याचं बी इथे पडलं. आणि हे फक्त आपल्याला कळतं असं नाही, शकारालाही कळतं. आत येताना तो स्वतःशी म्हणतो, आधी म्हणाले ऐकत नाही, आता म्हणतात ऐकतो, म्हणजे हे घाबरलेत. आता मी जे जे सांगेन ते ते यांना पटवीन. पुराणातली कुंती आणि द्रौपदी ज्याला वेगळी सांगता येत नाही त्याला कचेरीची नाडी एका क्षणात कळते. शकाराला मूर्ख म्हणणाऱ्यांनी, त्यात तो न्यायाधीशही आला, इथे थांबून विचार करायला हवा. तो अडाणी असेल, सत्तेच्या व्यवहारात तो सगळ्यांत हुशार आहे.

आत आल्यावर तो म्हणतो, ही सगळी जमीन आमचीच, वाटेल तिथे बसेन. श्रेष्ठीजवळ जाऊन, इथे बसू? शोधनकाजवळ जाऊन, इथे बसू? मग थेट न्यायाधीशाच्या डोक्यावर हात ठेवतो, हा इथे बसतो! आणि खाली बसतो. प्रयोगात यावर हशा येतोच. पण न्यायासनावर बसलेल्या माणसाच्या डोक्यावर भर सभेत हात पडतो आणि सभेतलं कुणी ‘हात काढ’ म्हणत नाही.

याच्या पुढची जागा मला या नाटकातली सगळ्यात भयंकर जागा वाटते. आदल्या अंकात शकाराने स्वतःच वसंतसेनेचा गळा दाबला आहे आणि ती मेली असं समजून तो इथे आला आहे. शकार फिर्याद सांगतो, पुष्पकरंडक उद्यानात कुणीतरी धनासाठी वसंतसेनेला गळा दाबून मारलं, आणि बोलता बोलता तोंडून निसटतं, ‘मी नाही.’ कुणी विचारलेलं नसताना! लगेच तो तोंडावर हात ठेवतो. न्यायाधीश कच्चा नाही. तो तत्काळ म्हणतो, लिहून घ्या, ‘मी नाही’ हे फिर्यादीचं पहिलं वाक्य. कायस्थ लिहितो. तेव्हा शकार उठतो आणि ते लिहिलेलं पायाने पुसून टाकतो.

पायाने. न्यायसभेचा कागद म्हणा, फळी म्हणा, जमीन म्हणा, जिथे कुठे ते अक्षर होतं तिथून ते गेलं. काम पुढे चालू.

इथे न्यायाधीशाकडे गुन्हेगार होता. त्याला शंका होती, त्याने नोंद केली होती, तो पुढे उलटतपासणीसारखे प्रश्नही विचारतो की गळा दाबला आणि धनासाठी मारलं हे तुला कसं कळलं. चारुदत्त असं करणार नाही अशी त्याची खात्री आहे, तो त्याला आदराने आसन देतो. म्हणजे या न्यायसभेत बुद्धी आहे, सचोटी आहे, कायद्याचं ज्ञान आहे. तरीही निकाल निर्दोष माणसाच्या विरुद्ध जातो, आणि तोही रीतसर. वसंतसेनेची आई साक्ष देते की मुलगी चारुदत्ताकडे गेली होती. वीरक नावाचा पहारेकरी दुसऱ्याच भांडणाची तक्रार घेऊन येतो आणि वसंतसेना चारुदत्ताच्या गाडीतून उद्यानाकडे निघाल्याचं गाडीवानाकडून ऐकलं, असं सांगतो. त्याला उद्यानात पाठवतात, तर तिथे एका बाईचं प्रेत असल्याचं तो येऊन सांगतो. चारुदत्ताचा मित्र मैत्रेय याच्या काखेतून वसंतसेनेचे दागिने भर सभेत खाली पडतात. प्रत्येक पुरावा खरा आहे. एकही साक्षीदार विकत घेतलेला नाही. फक्त पहिलं वाक्य पुसलेलं आहे.

आणि चारुदत्त? तोही मोकळेपणाने बोलत नाही. त्याच्या गाडीतून प्रत्यक्षात पळाला होता तो बंदीतून सुटलेला आर्यक, आणि त्याला चारुदत्ताने अभय दिलं होतं. सभेकडे येतानाच त्याच्या मनात भीती आहे की हेर हेच राजाचे डोळे, त्यांनी हे पाहिलं तर नसेल? खरं सांगावं तर राजद्रोह, न सांगावं तर खून. घाबरलेल्या राज्यात निर्दोष माणसाजवळही लपवायचं काहीतरी असतंच, आणि तेच त्याच्या अंगावर येतं.

निकाल देताना न्यायाधीश एक वाक्य बोलतो: ‘निर्णये वयं प्रमाणं, शेषे तु राजा.’ दोष कुणाचा हे ठरवणं आमचं काम, पुढचं राजाचं. किती सभ्य, किती नेमकं वाक्य! अधिकारांची विभागणी म्हणून शिकवावं असं. पण मघाशी डोक्यावर हात पडला तो ‘निर्णये’च्या भागात पडला होता, ‘शेषे’च्या नव्हे. न्यायाधीशाला वाटतं त्याने आपली हद्द सांभाळली. वास्तविक त्याच्या हद्दीत कुणीतरी येऊन बसून गेलं होतं.

तो राजाला शिफारस करतो की मनूच्या वचनाप्रमाणे ब्राह्मण वध्य नाही, तेव्हा याला संपत्तीसह देशाबाहेर घालवावं. राजा मानत नाही. दागिने याच्या गळ्यात बांधा, दवंडी पिटा आणि सुळावर द्या. पालकाने शास्त्र मोडलं म्हणून या जागी हळहळणारे टीकाकार मी वाचले आहेत. मला त्यांच्यासोबत हळहळता येत नाही. न्यायाधीशाला दयेची जी एकच खिडकी सापडली ती जातीची होती. आरोपी चारुदत्ताचा गाडीवान वर्धमानक असता तर ती खिडकीही नसती, शिफारसही नसती, आणि बहुधा नाटकही नसतं.

हे शूद्रकाला ठाऊक होतं असं मला वाटतं, कारण ‘नाही’ म्हणणारी माणसं त्याने कुठून आणली ते बघा. आठव्या अंकात शकार आपल्या विटाला सांगतो, वसंतसेनेला मार. विट म्हणजे शिकलेला, रसिक आश्रित. तो म्हणतो, दहा दिशा बघतील, वनदेवता, चंद्र, सूर्य, माझा अंतरात्मा बघेल. शकार म्हणतो, मग तिच्यावर कापड टाकून मार! विट नकार देतो. मग शकार आपल्या दासाकडे, स्थावरकाकडे वळतो. तुला सोन्याची कडी देईन. घालीन, दास म्हणतो. सोन्याचं आसन देईन. बसेन. उरलंसुरलं सगळं जेवण देईन. खाईन. सगळ्या नोकरांचा मुख्य करीन. होईन. मग माझं ऐक, हिला मार. आणि तिथे हा दास थांबतो. मार खातो, पण हलत नाही. मालकाची सत्ता माझ्या शरीरावर आहे, चारित्र्यावर नाही. पूर्वीच्या पापाने दासाच्या जन्माला आलो, आणखी पाप विकत घेणार नाही.

न्यायाधीश जे करू शकला नाही ते दासाने केलं. इथवर वाचून आपल्याला बरं वाटतं. गरिबाच्या अंगी धैर्य असतं वगैरे आपण म्हणून घेतो. शूद्रक आपल्याला तेवढं बरं वाटू देत नाही. शकार स्थावरकाला बेड्या घालून वाड्याच्या मनोऱ्यात कोंडतो. दहाव्या अंकात चारुदत्ताची धिंड खालून जाते तेव्हा हा माणूस खिडकीतून उडी टाकतो आणि रस्त्यावर येऊन ओरडून सांगतो की खून माझ्या मालकाने केला. शकार गुपचूप त्याच्या हातात कडं सरकवतो. स्थावरक तेही लोकांना दाखवतो, बघा, मला लाच देतो आहे. शकार शांतपणे म्हणतो, हे तेच कडं, जे याने चोरलं म्हणून मी याला मारलं होतं. पाठीवरचे वळ बघा. लोक वळ बघतात आणि पटवून घेतात. मारहाणीच्या खुणा मारणाऱ्याच्या बाजूने साक्ष देतात. तेव्हा स्थावरक म्हणतो की दासपण असं असतं, खरं बोललं तरी कुणाला पटत नाही.

या दोन प्रवेशांना एकमेकांसमोर ठेवलं की माझ्या मते नाटकाचा खरा प्रश्न उभा राहतो. ज्याच्याजवळ आसन आहे त्याला ते जाण्याची भीती आहे. ज्याला भीती उरलेली नाही त्याच्या शब्दाला आसन नाही. आणि ज्याच्याजवळ शब्दाची किंमत होती आणि खुनाची माहितीही होती, तो विट कुठे आहे? तो किळस येऊन बंडखोरांकडे निघून गेला. त्याने साक्ष दिली असती तर नववा अंक तिथेच संपला असता. क्रांतीला जाण्याआधी तो अर्धा दिवस कोर्टात आला असता तर!

आता आपल्याकडे येतो, कारण ‘याला हटवून दुसरा बसवतो’ हे वाक्य मराठीत एका शब्दात म्हणता येतं: बदली. ‘गडचिरोलीला पाठवीन’ ही धमकी महाराष्ट्रातल्या किती साहेबांनी ऐकली असेल याची मोजदाद नाही. (गडचिरोलीच्या लोकांचा यात जो अपमान आहे तो वेगळाच. एका जिल्ह्याला चांगला अधिकारी मिळणं ही दुसऱ्या जिल्ह्यातली शिक्षा.) ही धमकी मंत्री क्वचितच देतो. ती देतो भाचा, पीए, कार्यकर्ता, ‘साहेबांच्या घरचा माणूस’. एका कचेरीत माझ्यासमोर एका गृहस्थांनी खिडकीतल्या कारकुनाला नियमाबाहेरचा दाखला मागितला होता. तो नाही म्हणाला. गृहस्थ काहीच बोलले नाहीत, नुसता मोबाइल काढून टेबलावर उताणा ठेवला. फोन लावलादेखील नाही. दाखला निघाला. त्या कारकुनाला भित्रा म्हणायची माझी हिंमत नाही. त्याची मुलं त्या गावातल्या शाळेत होती.

अशा वेळी आपण लगेच रामशास्त्र्यांचं नाव घेतो. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधल्या खुनाबद्दल राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगणारे रामशास्त्री प्रभुणे. ‘रामशास्त्री बाणा’ हा शब्दप्रयोगच आपल्या भाषेत रुजला. पण त्या कथेचा उत्तरार्ध आपण हळू आवाजात सांगतो: शास्त्री पद सोडून गेले आणि राघोबा गादीवर राहिले. ते पायउतार झाले ते कारभाऱ्यांच्या राजकारणाने आणि लढाईने, निकालाने नाही. रामशास्त्र्यांची थोरवी याने उणावत नाही. पण शंभर कचेऱ्यांत शंभर रामशास्त्री असावेत अशी अपेक्षा करणं म्हणजे व्यवस्था न करता माणसाच्या जिवावर उदार होणं. कणा असलेले अधिकारी हवेत, कणा असलेले अधिकारी हवेत, असं आपण म्हणत राहतो, आणि त्या कण्यावर हात पडला की श्रेष्ठी आणि कायस्थासारखे खाली मान घालून लिहीत बसतो.

तेव्हा मागणी करायचीच तर ती खुर्चीच्या मुदतीची करावी. हे काही नवं नाही. आपल्या राज्यघटनेने उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला काढणं मुद्दाम अवघड करून ठेवलं, संसदेच्या दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत लागेल इतकं. तरीही फट राहतेच. आणीबाणीत १९७६ साली उच्च न्यायालयांच्या सोळा न्यायाधीशांच्या बदल्या झाल्या. त्याच वर्षी स्थानबद्धांच्या खटल्यात एकट्याने वेगळा निकाल देणारे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांना जानेवारी १९७७ मध्ये सरन्यायाधीशपदासाठी डावललं गेलं, आणि त्यांनी राजीनामा दिला. म्हणजे खुर्ची काढता आली नाही तर पुढची खुर्ची दाखवून काढून घेता येते. पण खन्नांचा निकाल पुसता आला नाही, तो छापलेला आहे, आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणाच्या हक्काच्या निकालात त्यांचीच बाजू बरोबर होती असं मान्य केलं. अक्षर टिकलं म्हणून हे झालं.

न्यायाधीशांची ही गोष्ट. तहसीलदार, फौजदार, अभियंता यांचं काय? महाराष्ट्राने बदल्यांचं विनियमन करणारा २००५ चा कायदा केला. तो १ जुलै २००६ पासून लागू आहे. एका पदावर सर्वसाधारण मुदत तीन वर्षं. त्याच वर्षी २२ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह खटल्यात पोलीस महासंचालकांपासून ठाण्याच्या अधिकाऱ्यापर्यंत किमान दोन वर्षांची मुदत सांगितली. २०१३ मध्ये टी. एस. आर. सुब्रमणियन खटल्यात आणखी एक फार मोलाची गोष्ट सांगितली: वरिष्ठांच्या तोंडी आदेशावर काम करू नका, आदेश आला तर तो नोंदवून ठेवा. मला वाटतं शकाराच्या विरुद्ध इतकं नेमकं हत्यार दुसरं नाही. त्याची सगळी सत्ता तोंडी आहे. दाजींनी खरोखर त्याचं ऐकलं असतं की नाही, हेसुद्धा आपल्याला कळत नाही! नाटकभर पालकाने मेहुण्याच्या सांगण्यावरून कुणाला पदावरून काढल्याचं दिसत नाही. ती वेळच आली नाही. धमकी वठवायची गरज न पडणं हीच उसन्या सत्तेची कमाई. ‘लेखी द्या’ म्हटलं की उसना माणूस मालकाचं नाव कागदावर आणायला कचरतो, कारण कागदावर मालक अडकतो.

पण वर सांगितलेल्या बदल्यांच्या कायद्यातच मुदतीआधी बदली करायची वाट ठेवलेली आहे. अपवादात्मक परिस्थिती किंवा विशेष कारणं असावीत, ती लेखी नोंदवावीत, वरच्या प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता घ्यावी. कायद्याला अशी वाट लागतेच, हे मला मान्य आहे. पण ‘प्रशासकीय कारणास्तव’ हे दोन शब्द लिहिले की कारण लिहून झालं असं मानलं जातं, आणि मग अधिकारी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात दाद मागत फिरतो. ‘प्रशासकीय कारणास्तव’ हे पायाने पुसलेलं वाक्य आहे. अक्षरं दिसतात, मजकूर गेलेला आहे.

यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो पोकळ नाही. मुदत पक्की केली तर माजलेला, भ्रष्ट, कामचुकार अधिकारीही तीन वर्षं हलत नाही, मग लोकांनी निवडून दिलेल्या माणसाने करायचं काय? त्याला हात बांधून बसवायचं? मीही असे अधिकारी पाहिले आहेत ज्यांची बदली झाली तेव्हा गावाने पेढे वाटले. पण नीट पाहिलं तर या आक्षेपात बदलीला शिक्षा मानलेलं आहे. दोषी माणसाची चौकशी करा, निलंबित करा, काढा. त्याला नुसता पुढच्या तालुक्यावर सोडून देणं हा पुढच्या तालुक्यावर अन्याय. आणि ज्याची चौकशी करण्याजोगं काही नाही, त्याला हलवायची घाई कुणाला झाली आहे ते कागदावर येऊ द्या. लोकप्रतिनिधीचा अधिकार यात कमी होत नाही. कमी होतो तो त्याच्या मेहुण्याचा. लोकप्रतिनिधीला मतं पडलेली असतात, मेहुण्याला एकही नाही.

दुसरा आक्षेप मात्र मला अजून छळतो. सुरक्षित खुर्ची दिली तरी तो न्यायाधीश ‘आज नाही’वर टिकला असता कशावरून? कदाचित नसता टिकला. घराच्या खिडकीत उभं राहून नळातून पाणी पडावं तसं रडणाऱ्या उज्जयिनीच्या बायकांचं वर्णन दहाव्या अंकात आहे. नगरी रडते, पण कुणी रस्त्यात आडवं येत नाही. भीती फक्त नोकरीची नसते. तरी मला त्या न्यायाधीशाचं पहिलं उत्तर आठवतं. पहिलं उत्तर नकाराचंच होतं. त्याला कुणी शिकवलं नव्हतं, धीर दिला नव्हता, ते आपसूक आलं होतं. माणसाचं पहिलं उत्तर बऱ्याचदा बरोबर असतं. त्याला दुसरं उत्तर द्यायला लागू नये एवढी सोय करता येते का, इतकाच प्रश्न आहे.

शूद्रकाने वेळकाढूपणाचंही मोल ओळखलं होतं. ज्याची मारायची पाळी आहे तो चांडाळ मुद्दाम रेंगाळतो. बाप मरताना सांगून गेला होता, वध्य माणसाला घाईने मारू नकोस. कधी कुणी भला माणूस पैसे भरून सोडवतो, कधी राजाला मुलगा होतो, कधी हत्ती सुटतो, कधी राजाच बदलतो. तलवार हातातून निसटते तेव्हा तो सह्यवासिनी देवीला हाक मारतो, आपल्या सह्याद्रीतल्या देवीला! चांडाळकुळात जन्मलो तरी आम्ही चांडाळ नव्हे, जे सज्जनाला छळतात ते चांडाळ, असंही हे दोघे सांगतात. कायद्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवरच्या माणसाने अंमलबजावणी थोडी लांबवली म्हणून चारुदत्त वाचला. तेवढ्यात जिवंत असलेली वसंतसेना धावत येते, आणि पाठोपाठ बातमी येते की यज्ञमंडपात पालक पशूसारखा मारला गेला, आर्यक राजा झाला.

मग वाटप होतं. आर्यकाला निसटू देणारा पहारेकरी चंदनक दंडपाल. वसंतसेनेला वाचवणारा भिक्षू सगळ्या विहारांचा प्रमुख. स्थावरक दास्यातून मुक्त. दोघे चांडाळ सगळ्या चांडाळांचे अधिपती, म्हणजे चांडाळच. वसंतसेनेला कुलवधूचा मान. चारुदत्ताला वेणेच्या काठची कुशावती. शकाराला लोक मारायला धावतात, तो चारुदत्ताच्या पायावर पडतो, आणि चारुदत्त म्हणतो, शरण आलेल्याला शस्त्राने मारू नये, उपकाराने मारावं. त्याला सोडून दिलं जातं. चारुदत्ताचं मन मोठं, यात शंका नाही. दैव रहाटगाडग्यासारखं आहे, कुणाला भरतं, कुणाला रितं करतं, असं तो शेवटी म्हणतो.

या यादीत न्यायसभेचं नाव नाही. न्यायाधीश तोच, की दुसरा बसवला? श्रेष्ठी, कायस्थ? कुणी विचारत नाही. उद्या सकाळी शोधनक पुन्हा झाडलोट करील, आसनं मांडील. शकार याच नगरीत आहे, त्याला इथले रस्ते माहीत आहेत आणि नव्या राजाला नातेवाईक होतील. तो समोरून आला तर शोधनक वाट बदलील का, हे शूद्रकाने लिहिलेलं नाही.